घर बदलले, आता धुरीची रीतही बदलायला हवी

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

घरात धुरी देण्याच्या रिवाजाविषयी, आणि विशेषतः बाळबाळंतिणीच्या खोलीत दिल्या जाणाऱ्या धुरीविषयी, आपल्या पत्रातून वाचकांपुढे काही मांडावे म्हणून हे लिहीत आहे. आरंभीच सांगते की मी धुरीच्या विरोधातली नाही. तिन्हीसांजेला दिवा लावावा, धुपाटण्यात निखारा घेऊन त्यावर गुग्गुळाचा खडा ठेवावा आणि तो घरभर फिरवावा, हे मी लग्नाआधीपासून आजतागायत, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे, करीत आले आहे आणि पुढेही करणार आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या घरात ही रीत रुजली ते घर आता राहिले नाही, ज्या जिनसांवर ती उभी होती त्या जिनसाही राहिल्या नाहीत, आणि रीत मात्र आपण आहे तशी उचलून बंद खोलीत आणून ठेवली आहे. त्यात घरातल्या सर्वांत लहान जिवाचे काय होते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. नात पाच आठवड्यांची होती. विहीणबाई आजारी असल्यामुळे सून माहेरी न जाता पुण्यातल्या आमच्या सदनिकेतच बाळंतपणाला राहिली होती आणि बाळंतिणीचे सारे करणे माझ्याकडे होते. न्हाऊ घालणारी बाई सकाळी येई, बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून, दुपट्यात गुंडाळून माझ्या हाती देई आणि जाताना "आजी, धुरी तेवढी द्या बरं का," असे सांगून जाई. गॅसवर चुलीसारखा आयता निखारा मिळत नाही, म्हणून मी बाजारातून धुपाचे तयार कप आणले होते. बाळाला वारे लागू नये म्हणून खिडक्यांच्या काचा सरकवून घट्ट लावलेल्या, दाराखालच्या फटीलाही जुन्या लुगड्याचा बोळा सारलेला. अशा खोलीत कप पेटवून, त्यावर चिमूटभर ओवा आणि वावडिंग टाकून मी तो पाळण्याखालून फिरवीत असे आणि मग कोपऱ्यातल्या पाटावर ठेवून देत असे. तो पाऊण तास तरी धुमसत राही. खोलीत पाऊल टाकले की येणाऱ्या त्या वासाने मला माझ्या स्वतःच्या बाळंतपणाची आठवण होई आणि सारे रीतसर चालले आहे असे समाधान वाटे.

बाळाला आधीच थोडी सर्दी होती. चौथ्या दिवशी रात्री ती दूध ओढेना. दोन घोट घेई, सोडून देई आणि रडे. झबले वर करून पाहिले तर पोट उडत होते, श्वासागणिक फासळ्यांखालची कातडी आत ओढली जात होती आणि छातीतून बारीक घरघर ऐकू येत होती. रात्री अकराला दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावण्याआधी तिचे दुपटे नाकाशी धरले आणि विचारले, "घरात धूर कशाचा करता?" तीन दिवस तिला प्राणवायू द्यावा लागला. डॉक्टरांनी नंतर मला शांतपणे समजावून सांगितले की आजार विषाणूचा होता, तो धुराने आणलेला नव्हता. पण आधीच सुजलेल्या, काडीसारख्या बारीक श्वासनलिकांत रोज पाऊण तास धूर गेल्याने त्याने असे उग्र रूप घेतले. नात आता ठणठणीत आहे. पण तिच्या नाकाला लावलेली ती नळी आणि गालावरची चिकटपट्टी माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेली नाही. मी ३१ वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला पालथा घालून ज्योत का विझते हे मी मुलांना दरवर्षी दाखवले. तरीही हे माझ्या ध्यानात आले नाही, याचे कारण माझ्या लेखी धुरी म्हणजे धूर नव्हताच. माझ्या वयाच्या बहुतेक बायकांचे असेच असणार, म्हणून हे पत्र.

आमचे गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. घर मातीच्या भिंतींचे आणि वर कौले. भिंत जिथे संपे आणि छप्पर जिथे सुरू होई त्यांच्यामध्ये चारी बाजूंनी हातभर मोकळी जागा होती, तिच्यातून चिमण्या ये-जा करीत. आजी संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की चुलीतला एक फुललेला निखारा चिमट्याने धुपाटण्यात घेई आणि कनवटीच्या पुरचुंडीतून गुग्गुळाचा हरभऱ्याएवढा एकच खडा काढून त्यावर ठेवी. तो आधी काळवंडे, मग कडेने फसफसू लागे, वितळून निखाऱ्यावर पसरे आणि मग पांढऱ्या धुराची एक सरळ रेघ वर उठे. त्या वासात कडवटपणा असे आणि मागाहून येणारा गोडवाही असे. पदराने धुराला वाट दाखवीत ती देवघरातून उंबऱ्याकडे, तिथून माजघरात, मग कोठीच्या खोलीत जाई, आणि परसदारी तुळशीपाशी पोचेपर्यंत खडा जळून संपलेला असे. उरलेली राख ती तुळशीच्या आळ्यात टाकी. हे सारे फार तर सात मिनिटांचे काम. तोवर घरातला धूर कौलांच्या फटींतून वर निघूनही गेलेला असे. शेतावरून परतताना गावातल्या घराघरांच्या छपरांवर तो तरंगताना दिसे. गोठ्यात मात्र धूर मुद्दाम जास्त करीत, धुमसत्या शेणीवर कडुनिंबाचा आणि निरगुडीचा ओला पाला टाकून. डासांना आणि गोमाश्यांना कंटाळलेली गुरे आपणहून त्या धुराकडे तोंड करून उभी राहत. पण गोठ्याला तीनच भिंती होत्या.

बाळंतिणीच्या खोलीचे कारण आणखी वेगळे होते. पाटण खोऱ्यातला पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना ते लगेच कळेल. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन नाही, भिंतींना ओल, आणि बाळाचे लंगोट काही केल्या वाळत नाहीत. मग शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट पसरायचे, बाळंतिणीचे ओले केसही त्याच उबेला सोडायचे, बाजेखाली शेगडी सरकवून तिची कंबर शेकायची, आणि शेगडीत ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची फोलपटे टाकायची. म्हणजे मुळात हवी होती ती ऊब आणि कोरडेपणा. धूर तिच्याबरोबर आला आणि त्यातल्या वासामुळे तो औषधी मानला गेला. आज इस्त्री आहे, कपडे वाळवायचे यंत्र आहे, गरम पाण्याची पिशवी आहे. ऊब मिळवण्याच्या ह्या साऱ्या सोयी आपण घेतल्या आणि शेगडीतला नेमका धूर तेवढा राखून ठेवला. त्या जुन्या खोल्यांत सारे छान होते असेही मी म्हणणार नाही. माझ्या आजीची दोन मुले महिन्याच्या आत गेली. ती कशाने गेली हे तेव्हा कोणी विचारले नाही आणि आता विचारायला कोणी उरले नाही.

आता सदनिकेतल्या खोलीकडे पाहा. दहा बाय अकरा फुटांची, गिलावा केलेल्या चार भिंती, वर पक्के छत, काचेची सरकती खिडकी, कित्येक घरांत वातानुकूलन असल्याने तीही कायम बंद. इथे लावलेला धूर कुठे जाणार? तो पडद्यांत बसतो, गादीत मुरतो, आणि उरलेला माणसांच्या छातीत जातो. धुरात जे अतिसूक्ष्म कण असतात, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीस पटींनी बारीक असतात आणि नाकातल्या केसांना न जुमानता फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत ह्या कणांची चोवीस तासांची सरासरी दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. आपल्या देशाचे मानक ६० चे आहे. हे आकडे हिवाळ्यात शहराच्या हवेबद्दल आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो, बांधकामांच्या आणि वाहनांच्या नावाने बोटे मोडतो, आणि घरी येऊन दार लावून धूप पेटवतो. मच्छर अगरबत्तीचेच पाहा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक वेटोळे जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते असे आढळले होते. धुपाचा कप हाही धुमसत जळणारा भुकटीचा गोळाच आहे. तो देवाच्या नावाने लावला म्हणून त्याचा धूर वेगळा होत नाही.

दीर्घकाळाचा परिणाम म्हणाल तर सिंगापूरमध्ये ६१ हजारांहून अधिक चिनी वंशाच्या स्त्री-पुरुषांना बारा वर्षांपर्यंत पाहत राहून केलेला एक मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. घरात वर्षानुवर्षे धूप-अगरबत्ती जाळणाऱ्यांमध्ये वरच्या श्वसनमार्गाच्या काही कर्करोगांचे प्रमाण वाढलेले त्यात दिसले. तिथल्या घरांतही देवापुढे, पितरांपुढे उदबत्ती लावण्याचा रिवाज आपल्यासारखाच आहे आणि घरेही आपल्या सदनिकांसारखीच आहेत, म्हणून मला ही गोष्ट लांबची वाटत नाही.

मोठे माणूस निदान स्वतःच्या इच्छेने धूर घेते. बाळाला उठून बाहेर जाता येत नाही. प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो, तर नवजात बाळ चाळीस ते साठ वेळा. त्याची फुप्फुसे अजून घडत असतात, हवेचे नवे कोश जन्मानंतरही तयार होत राहतात. एकाच खोलीत आजी आणि नात बसल्या असतील तर वजनाच्या मानाने त्या धुराचा मोठा वाटा नातीच्या वाट्याला येतो. आणि निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ठेवली तर तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो. थंडीत शेगडी पेटवून झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. ओव्याचा घमघमाट त्या वायूला रोखत नाही.

यावर दोन उत्तरे मला हमखास मिळतात. पहिले, की हे आयुर्वेदात सांगितले आहे. सांगितले आहे, हे खरेच. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जखमी माणसाच्या खोलीत मोहऱ्या, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ यांची धुरी द्यावी असे आहे. पण तिथेच ती दिवसातून दोनदा आणि दहा दिवस द्यावी असेही आहे. म्हणजे कोणासाठी, कशाची, किती वेळा आणि किती दिवस, हे सारे ठरवून दिलेले आहे. काश्यपसंहितेत तर लहान मुलांसाठी धुपांचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. परंतु बालरोगांवरच्या जुन्या धुपांमध्ये सापाची कात, जनावरांचे केस, शिंगे असेही पदार्थ सांगितलेले आढळतात, आणि ते आपल्यापैकी कोणी बाळाच्या पाळण्याखाली जाळत नाही. म्हणजे परंपरेतले काय घ्यायचे आणि काय सोडायचे ही निवड आपल्या पणज्यांनी कधीच सुरू केली होती. मग आज आपण ती केली तर त्यात पाप कसले?

दुसरे उत्तर असते ते लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २००७ मधल्या शोधनिबंधाचे. हवनसामग्रीचा धूर तासभर केल्यावर खोलीतल्या हवेतील जिवाणू ९४ टक्क्यांनी कमी झाले आणि बंद खोलीत तो परिणाम चोवीस तास टिकला, असे त्यात नोंदले आहे. हा निबंध मोबाइलवरून फिरत फिरत माझ्याकडेही अनेकदा आला आहे, आणि मी तो आदराने वाचते. पण तिथे मोजले गेले ते हवेतले जिवाणू. तासभर त्या धुरात बसलेल्या माणसाच्या छातीचे काय झाले, हा त्या मोजणीचा विषयच नव्हता. जो धूर जिवाणूंना जगू देत नाही तो नातीच्या श्वासनलिकेच्या नाजूक अस्तराला मात्र काही करणार नाही, असे मानायला मला तरी कोणता आधार दिसत नाही. शिवाय आपल्या हातात जे असते ते म्हणजे ती हवनसामग्री नसतेच.

कारण जिनसाच बदलल्या आहेत. दवाखान्यातून आल्यावर मी त्या कपांचे खोके भिंगाखाली धरून वाचले. वर 'नैसर्गिक', 'शुद्ध', 'सकारात्मक ऊर्जा' हे शब्द होते, सुगंधाचे नाव होते, किंमत होती. आत काय आहे ते कुठेच नव्हते. मग एक कप सुरीने कापला. आत कोळशाची काळी भुकटी आणि लाकडाचा भुसा, आणि त्याला अत्तरासारखा वास. गुग्गुळाचा कण शोधूनही सापडला नाही. मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातले वयस्क दुकानदार म्हणाले, "ताई, खरा गुग्गुळ घालून हा भाव परवडतच नाही." त्यांनी तीन बरण्या पुढे ओढून ऊद, राळ आणि गुग्गुळ तळहातावर ठेवून दाखवले. खरा गुग्गुळ बोटांच्या उबेने मऊ पडतो, चिकटतो, आणि कोमट पाण्यात घातला तर पाणी दुधाळ होते, ही पारखही त्यांनीच दाखवली. राळ हा साल नावाच्या वृक्षाचा डिंक. लोबान म्हणून जो ऊद विकला जातो तो सुमात्रेसारख्या पूर्वेकडच्या बेटांवरून समुद्रमार्गे येत आलेला आहे, आणि तोच पारशी घरांत तिन्हीसांजेला फिरवतात, दर्ग्यात जाळतात, तोच गुरुवारी बाजारातून दुकानोदुकानी मोरपिसाने धूर देत फिरणाऱ्या फकिराच्या हातात असतो. हा वास कोणा एकाच्या धर्माचा नाही. लहानपणी पाटणच्या बाजारात तो धूर अंगावरून गेला की आई डोक्यावरचा पदर सावरून उभी राही, ते मला आठवते.

गुग्गुळाबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. गुग्गुळाचे झाड म्हणजे राजस्थान-कच्छच्या कोरड्या, खडकाळ जमिनीवर वाढणारे काटेरी झुडूप. खोडाला चीर पाडली की तिच्यातून डिंक पाझरतो आणि खडा होतो. झुडूप अगदी सावकाश वाढते. चीर सोसण्याजोगे व्हायला त्याला आठ-दहा वर्षे लागतात. पण मागणी वाढली तशा चिरा खोल गेल्या, अधिक डिंक सुटावा म्हणून जखमेला द्रव्ये चोपडली जाऊ लागली, आणि एकदा भरपूर डिंक देऊन झाडे वाळू लागली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१५ मध्ये ह्या झाडाची नोंद अतिसंकटग्रस्त प्रजाती म्हणून केली, म्हणजे जंगलातून नष्ट होण्याच्या अगदी आधीची पायरी. आजीचा हरभऱ्याएवढा खडा हा निव्वळ काटकसरीचा प्रकार नव्हता असे मला आता वाटते. आपल्याकडे सातपुड्याच्या, मेळघाटाच्या जंगलांतल्या सालईलाही असाच सुगंधी डिंक येतो आणि तोही धुपात वापरला जातो. त्यालाही जपूनच हात लावायला हवा.

हाच प्रश्न दूरच्या एका पाल्याचाही आहे आणि तो आता आपल्या घरांत शिरला आहे. माझ्या भाचीने मोठ्या प्रेमाने मला वाळलेल्या पांढुरक्या पानांची, दोऱ्याने गच्च बांधलेली एक जुडी आणून दिली. घर 'शुद्ध' करायला ती पेटवतात, असे तिने सांगितले. तिला व्हाइट सेज म्हणतात. वनस्पती आपल्या तुळशीच्याच कुळातली, आणि उगवते फक्त अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या भागात. तिथल्या चुमाश, कुमेयाय अशा मूळच्या लोकांना ती पवित्र आहे. त्यांच्या धार्मिक विधींवर अमेरिकेच्या सरकारने १८८३ पासून नियम करून बंदी घातली होती, आणि त्या विधींच्या स्वातंत्र्याला संरक्षण देणारा कायदा व्हायला १९७८ साल उजाडले. ज्यांनी ती पाने चोरून जाळली आणि जपली त्यांच्याच डोंगरांवरून आता ती बाजारासाठी चोरली जातात. २०१८ मध्ये तिथल्या एका राखीव क्षेत्रातून सुमारे १८० किलो पाला चोरून नेणारे चौघे पकडले गेले होते. ती जुडी मी पेटवली नाही. भाचीला हे सांगितले तेव्हा तिला वाईट वाटले, पण तिला कळले. कोणा दुसऱ्याच्या देवघरातली वस्तू तिची रीत न समजता आणायची, ती अर्धा तास बंद खोलीत जाळायची आणि त्याला शुद्धी म्हणायचे, हे मला पटत नाही. आपल्या देवघरातल्या वस्तूचेही आपण तेच करीत आहोत, हे मला त्या जुडीमुळे अधिक स्पष्ट दिसले.

कोणी म्हणेल, मग धुरी हवीच कशाला, बंद करून टाका. हेही मला मान्य नाही. माझे यजमान गेले त्यानंतर तेरा दिवस घर माणसांनी भरलेले होते. चौदाव्या दिवशी सारे आपापल्या घरी गेले आणि ज्या खोलीत ते दोन महिने अंथरुणाला खिळून होते तिचे दार उघडायला माझा हात धजेना. तिथे औषधांचा, जंतुनाशकाचा, आजारपणाचा वास होता. संध्याकाळी मी करवंटीचा तुकडा पेटवून निखारा केला, धुपाटण्यात घेतला, वर गुग्गुळ ठेवला, आणि दार उघडून आत गेले. खिडक्या सताड उघड्या केल्या. चारी कोपऱ्यांत धुपाटणे फिरवले, त्यांच्या पलंगावरून फिरवले, कपाटातल्या कपड्यांपुढे धरले. पाच मिनिटांत खडा संपला. त्या रात्री मी त्या खोलीत झोपले. त्या धुराने हवा स्वच्छ झाली नव्हती हे मला ठाऊक आहे. हवा स्वच्छ झाली ती खिडक्यांमुळे. पण ती खोली पुन्हा माझी झाली ती त्या फेरीमुळे, आणि हे दुसऱ्या कशाने झाले असते असे मला वाटत नाही. माणसाला अशा खुणांची गरज असते. दिवस संपला, आजारपण संपले, पाहुणे गेले, नवे घर आपले झाले, हे मनाला सांगण्यासाठी हाताला काहीतरी करावे लागते. धुरीचे काम हे आहे. त्यासाठी धूर कोंडून धरावा लागत नाही.

आता मी काय करते तेही सांगते. धुरी रोजची राहिली नाही, अमावास्येला आणि सणावारी देते. खडा हरभऱ्याएवढाच. आधी खिडक्या आणि गच्चीचे दार उघडायचे, मग निखारा पेटवायचा, फेरी झाली की धुपाटणे गच्चीत नेऊन ठेवायचे, आणि वास पुरता विरल्याशिवाय खिडक्या लावायच्या नाहीत. त्या वेळी सून नातीला घेऊन खाली बागेत फिरायला जाते. शेजारच्या घरात दम्याचे आजोबा आहेत, त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवते. रोजच्या संध्याकाळी समईपुढे शुभं करोति म्हणते आणि तिथेच ओंजळभर फुले ठेवते. न्हाऊ घालणाऱ्या बाईलाही सारे सांगितले. ती आधी हिरमुसली, मग म्हणाली, "दुसऱ्या घरीही सांगते, पण माझं कोण ऐकणार? तिथल्या सासवा ऐकणार नाहीत." तिचे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच हे एकट्या-दुकट्याने सांगून भागणारे नाही.

आशा सेविका बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळाचे वजन, ताप, नाळ, अंगावरचे दूध पाहतात. त्या सहा भेटींत "बाळाच्या खोलीत धुरी देता का?" हा एक प्रश्न त्यांनी आईला नव्हे, तर आजीला विचारावा, कारण धुपाटणे आजीच्याच हाती असते. प्रसूतिगृहातून घरी पाठवताना जो सूचनांचा कागद देतात त्यावरही ही ओळ असावी. धूप, कप, अगरबत्ती बनवणाऱ्यांना वेष्टनावर आतील द्रव्ये छापणे बंधनकारक व्हावे. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती आणि साखर किती हे वाचता येते, मग जे आपण श्वासावाटे आत घेतो त्याचे नाव वाचण्याचा हक्क ग्राहकाला का नसावा? काष्ठौषधीच्या दुकानदारांनी आणि वैद्यांनीही धुरीची पुडी देताना ती किती आणि कुठे जाळायची हे तोंडाने सांगावे. सुश्रुताने सांगितले होते तेवढे तरी सांगावे.

आपल्या पत्राकडेही एक मागणे आहे. दिवाळीच्या आणि नवरात्राच्या पुरवण्यांत घरातली नकारात्मक ऊर्जा घालवण्यासाठी काय काय जाळावे याचे लेख नेमाने येतात, आणि त्यांच्या शेजारी धुपाच्या जाहिरातीही असतात. तसा लेख पुन्हा छापाल तेव्हा त्याच पानावर ठळक अक्षरांत चौकट द्यावी: धुरी देताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ठेवू नये, दम्याचा रुग्ण, गरोदर स्त्री आणि तान्हे बाळ यांना त्या वेळी दुसरीकडे न्यावे, आणि बाळाला पाळण्यात परत ठेवण्याआधी दुपट्याचा वास घेऊन पाहावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे